बंदा रुपया



नग आणि सोने हा दृष्टांत आपण किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. मी तो पन्नास वर्षे सांगितला. ज्ञानेश्वरीत तो आहे, अमृतानुभवात आहे, आणि कीर्तनकाराला तो सोपाही पडतो. बांगडी मोडली, आकार गेला, नाव गेले, सोने होते तसेच राहिले. हे सांगताना मी मनगटावरची नसलेली बांगडी काढून टाळकऱ्यांकडे फेकल्यासारखे करी. टाळकरी हसत, आयाबाया माना डोलावत, पखवाजवाला एक थाप टाकी. मिनिटभरात नग मोडून होत असे.

खरोखर सराफाच्या काट्यापुढे बसून वस्तू मोडीत घालायची वेळ माझ्यावर जन्मात दोनदाच आली. एकदा वयाच्या एकतिसाव्या वर्षी आणि एकदा यंदाच्या माघात, शहात्तराव्या वर्षी. पहिल्या वेळी हात अगदी सहज चालला. दुसऱ्या वेळी चालला नाही. ते का, ते सांगायला बसलो आहे.

झाले असे, की माझे कान गेले. दोन वर्षांपूर्वी एका सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला उभा होतो. चाल धरली, आणि थोड्या वेळाने विणेकऱ्याने हळूच माझ्या खांद्याला हात लावला. मी एकीकडे आणि टाळ दुसरीकडे असे चालले होते म्हणे. मला ते कळलेही नव्हते. त्या दिवशी मी वीणेला नमस्कार केला आणि उभे राहणे थांबवले. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून दोन्ही कानांना यंत्र लावायला सांगितले. किंमत ऐकली ती मात्र पहिल्याच खेपेला नीट ऐकू आली. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणाला, मी पाठवतो. पण त्याचे घराचे हप्ते चालू आहेत. मी म्हटले, थांब, आपल्याकडे रुपये आहेत.

रुपये म्हणजे राणीछाप. आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात एक कसा होता. नव्या पिढीसाठी सांगतो : कसा म्हणजे कमरेला बांधायची, नळीसारखी लांब कापडी पिशवी. ती वडिलांची. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा आमच्या दिंडीचे विणेकरी होते, आणि हिशेबही तेच ठेवत. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते कसा काढत, रुपये ताटात ओतत, चिंच लावून धूत, मोजत आणि पुन्हा भरत. किती आहेत हे कधी बोलत नसत. पुढे त्यांच्या माघारी सौभाग्यवतीच्या माहेरच्या माळेतले सात रुपयेही त्याच कशात गेले. त्यांना वरून कड्या लावलेल्या होत्या.

या रुपयाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांच्या घरात तो आहे आणि पुष्कळांच्या डोक्यात त्याविषयी भलतेच काही आहे. कंपनी सरकारने १८३५ साली रुपयाचे वजन ठरवून दिले, ते एक तोळा. म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. आमच्या लहानपणी तोळ्याचे वजन हाताशी नसले तर दुसऱ्या पारड्यात बंदा रुपया टाकत, ते यामुळेच. १८७७ पर्यंत त्यावर व्हिक्टोरिया नुसती राणी आहे, पुढे ती सम्राज्ञी झाली. मग एडवर्ड, मग पाचवे जॉर्ज. या जॉर्जच्या १९११ च्या पहिल्या रुपयावर त्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि ओरड झाली. सरकारने ते रुपये मागे घेऊन बहुतेक वितळवले आणि दुसऱ्या वर्षी हत्ती नीट काढला. डुकराच्या रुपयाची गोष्ट मी कीर्तनात सांगत असे. राजाच्या अंगावर असूनसुद्धा हत्ती तो हत्ती दिसेना, असे म्हणून.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि चांदी महाग झाली. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घालू लागले. वजन तेच, चेहरा राजाचाच, पण आत आठ आणे. जुने शुद्ध रुपये सरकारने त्याच काळात चलनातून काढून घेतले. लोकांनी जे दडवले तेच राहिले. १९४७ ला तर रुपया निकेलचा झाला, चांदी संपलीच.

आता किमतीचे. माझ्या नातवाने मोबाइलवर कुठेतरी वाचले की राणीचा रुपया लाखाला जातो. मलाही रात्रभर नीट झोप लागली नाही, खोटे कशाला बोलू. पण ते तसे नाही. हे रुपये टांकसाळीने कोट्यवधी पाडले. १८६२ हे साल तर पुढे कित्येक वर्षे तसेच छापत राहिले. शौकीन लोक दुर्मीळ सालाला आणि न झिजलेल्या नाण्याला पैसे मोजतात. आमच्यासारख्यांच्या घरचे, हाताळून गुळगुळीत झालेले, चिंचेने घासलेले, कड्या डागलेले रुपये म्हणजे चांदी. दुसरे काही नाही. फोन करून ‘तुमच्या नाण्याला लाखो मिळतील, आधी नोंदणीची फी भरा’ असे कोणी सांगितले तर माउली, फोन ठेवून द्या.

हिशेब सोपा आहे. चांदीचा भाव किलोला लाख रुपये धरला, तर जुन्या शुद्ध रुपयात १०.६९ ग्रॅम चांदी, म्हणजे १,०६९ रुपये. युद्धातल्या रुपयात ५.८३ ग्रॅम, म्हणजे ५८३. भाव रोज बदलतो आणि हल्ली तर फारच चढला आहे. तो विचारून याच रीतीने मांडावा. त्यातून झीज जाते आणि सराफाची घट जाते. विकायला जाण्याआधी १९४० च्या अलीकडचे आणि पलीकडचे वेगळे करावेत. ही शेवटची गोष्ट मी फार महाग शिकलो. ते पुढे येईल.

तर यंदा माघात मी कसा घेऊन तालुक्याला सराफाकडे गेलो. दुकानदार तिशीतला मुलगा, त्याचे आजोबा माझ्या कीर्तनाला येत. “बसा महाराज,” म्हणाला. त्याने रुपये ओतले. त्यांचे आजोबा बसत तिथे अजून दगडी फरशी आहे. मी सवयीने एक रुपया उचलून तिच्यावर वाजवला. माउली, ज्याचे उभे आयुष्य टाळाच्या नादात गेले त्याला बंदा रुपया वाजलेला कळू नये! मला नुसता टक असा आवाज आला, लाकडावर वाजवावे तसा. मी पुन्हा वाजवला. मुलगा मोठ्याने म्हणाला, “खणखणीत आहे महाराज.” मी मान हलवली. हल्ली वाजवून कोणी घेतही नाही. त्याने एकेक रुपया यंत्रात ठेवला आणि टंच काढला. एक्क्याण्णवच्या आसपास आकडे येत गेले. बिनकडीचे चाळीस, सगळे शुद्ध. कडीच्या सातांपैकी पाच शुद्ध आणि दोन युद्धातले.

रिकामा कसा त्याने माझ्याकडे देताना चाचपला. “तळाशी काहीतरी आहे, एखादा अडकलाय का?” तळ दुमडून टाके घातलेले होते. त्याने कात्रीने दोरा कापला. आत रुपया नव्हता. एक कागदाची घडी होती, तेलकट, पिवळी पडलेली.

अक्षर मोडी होते. मुलाला काही लागेना. मला मोडी दादांनीच शिकवली. पुढे आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली, तिथे मोठे ग्रंथ शिकलो, पण वाचायला पहिल्याने शिकलो ते दिंडीच्या हिशेबाची पाने. त्यामुळे ते वळण ओळखायला वेळ लागला नाही. लिहिले होते : “दिंडीची ठेव. रुपये ५१. पंढरीस जागेकरिता. यास हात लावू नये. शके १८६१, कार्तिक.”

शके १८६१ म्हणजे १९३९ साल. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. दिंडीला पंढरपुरात उतरायला स्वतःची चार हात जागा असावी म्हणून घरटी एकेक रुपया काढला होता, असे लहानपणी कानावर आले होते. त्या पैशांचे पुढे काय झाले हे कोणी विचारले नाही. ज्यांनी काढला ती माणसे एकेक करून गेली. जागा झाली नाही.

खाली दुसरी ओळ होती. शाई वेगळी आणि हात थरथरता. पण त्या ओळीआधी मला दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

पहिली बहात्तरच्या दुष्काळाची. मी तेवीस वर्षांचा, आळंदीहून नुकताच परतलेला. आमच्या नगर जिल्ह्यात त्या साली काय झाले हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. आई खडी फोडायला जात होती. संध्याकाळी तिच्या हाताला फोड असत आणि ताटात मिलोची भाकरी. बैल मोडला. आईचे पायातले वाळे मोडले. मी एका रात्री दादांना म्हणालो, “दादा, कशातले रुपये मोडा की.” ते म्हणाले, “ते मोडायचे नाहीत.” मी विचारले, “का?” त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी वीणा पुसायला घेतली. आई माझ्याकडे बघून मानेने नको म्हणाली. तिला ठाऊक होते की नव्हते, आता कोण सांगणार?

त्या दिवसापासून दादा माझ्या मनातून उतरले. वर वर सगळे होते, पाया पडत होतो, शेतात खांद्याला खांदा लावत होतो. पण आत हा माणूस कृपण आहे असे कायमचे लिहिले गेले. आणि वाचकहो, मी ते आतच ठेवले नाही. कीर्तनात कृपणाचा विषय आला की धनाच्या हंड्यावर बसलेल्या नागाचा दृष्टांत मी फार रंगवून सांगे. बायको-पोरे उपाशी, आणि हा आपला हंडा कुरवाळत बसलाय. लोक हसत. दादा माझ्या मागे वीणा घेऊन उभे असत. एकदाही त्यांच्या हातातला सूर हलला नाही.

दुसरी गोष्ट १९८० ची. त्या जानेवारीत चांदी एकाएकी आभाळाला भिडली. अमेरिकेतल्या दोन श्रीमंत भावांनी जगातली चांदी गोळा करायचा सपाटा लावला होता. मार्चमध्ये ते गडगडले आणि चांदीही गडगडली. मला एवढेच कळले की भाव आलाय. मला कीर्तनाची बोलावणी येऊ लागली होती. पंधरा-वीस मैल चालत जायचे आणि कीर्तन करून रात्री परत चालत यायचे. तुकोबांनी जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये म्हणून बजावले आहे. मी बिदागी घेत नसे, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. सायकल मात्र पाहिजे होती. दादा पंढरीला गेले असताना मी कसा काढला आणि अकरा रुपये मोजून घेतले. घरचेच आहेत, नागाच्या हंड्यातून पोराने घेतले तर काय बिघडले, असे मनाला सांगितले.

दूरच्या गावच्या एका सराफाकडे गेलो. ओळख नको म्हणून. चोरून विकणाऱ्याला भाव करता येत नाही, हे त्या माणसाने माझ्या तोंडावरून ओळखले असावे. म्हणाला, यात युद्धातले मिसळलेले असतात, सगळे आठ आणे चांदीनेच घेतो. मी हो म्हणालो. माझे अकराही शुद्ध होते, ते मला आता यंदा, चिठ्ठीवरचे साल वाचल्यावर कळले. १९३९ च्या कार्तिकात बांधून ठेवलेल्या रुपयांत १९४० नंतरचा रुपया असणार कसा? एकशे चाळीस रुपये मिळाले. जुनी सायकल आली. दादांना सांगितले, एका भाविकाने दिली.

त्या दिवाळीला दादांनी रुपये ओतले, धुतले, मोजले. मग पुन्हा एकदा मोजले. मी ओसरीवर आकाशकंदील बांधत होतो. ते कसा भरून आत गेले. मला ते काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

चिठ्ठीवरची दुसरी ओळ अशी होती : “पैकी ११ घराकडे येणे. शके १९०२.”

माझे नाव नव्हते. घराकडे येणे, एवढेच. शके १९०२ म्हणजे १९८०. मुलाने मला पाणी दिले. तो काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हते, आणि त्या वेळी ते बरेच झाले.

दादा १९८६ ला गेले. शेवटचे महिनाभर अर्धांगाने वाचा गेली होती. डाव्या हाताने सारखे देव्हाऱ्याकडे दाखवत. आम्ही पांडुरंगाची तसबीर काढून त्यांच्या हातात देत होतो. ते ती घेत, छातीशी धरत, आणि पुन्हा हात वर करून देव्हाऱ्याकडेच दाखवत.

एक मात्र सांगतो. दादांनी बहात्तर साली ती ठेव राखली हे बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. गावातली निम्मी घरे दिंडीतलीच होती आणि उपाशी होती. ठेव आहे असे कळले असते तर लोक वाटून घेऊ म्हणाले असते, आणि त्यांचेही चुकले नसते. कदाचित म्हणूनच ते गप्प राहिले असतील. मी कीर्तनकार, मला प्रत्येक गोष्टीला प्रमाण लागते. याला मिळत नाही. मला फक्त एवढे कळते, की जो हंडा कुरवाळीत होता असे मी सांगत फिरलो, त्याच्या हंड्यात त्याचा एकही रुपया नव्हता.

रुपये परत कशात भरले आणि घरी आलो. सौभाग्यवतीला चिठ्ठी वाचून दाखवली. सायकलीचे तिला ठाऊक नव्हते. शेहेचाळीस वर्षांनी सांगितले. मला वाटले होते, रडेल किंवा बोलेल. ती म्हणाली, “त्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून मी सात गावच्या जत्रा केल्यात. माझे सात रुपये घाला त्यात.” मी म्हटले, ते तुझ्या आईचे आहेत. ती म्हणाली, “आईलाच विचारते मग,” आणि चूल फुंकायला गेली. गॅस आहे घरात, पण पाणी तापवायला ती अजून चूलच पेटवते.

एकादशीला मारुतीच्या देवळात कीर्तन झाल्यावर मी दिंडीच्या मंडळींपुढे चिठ्ठी आणि रुपये ठेवले. जे घडले ते सगळे सांगितले. पन्नास वर्षे त्या खांबाजवळ उभा राहून बोललो, त्या रात्री बसून बोललो. कोणी काही म्हणेना. मग दिंडीचे चालक म्हणाले, “महाराज, हे कोणाला माहीत तरी होते का? अकराचे सोडा, चाळीस आलेत हेच पुष्कळ.” मी म्हटले, “ज्यांनी लिहिले त्यांना माहीत होते. जमेला अकरा धरा.”

मग त्या रुपयांचे करायचे काय यावर तासभर गेला. पंढरपुरात जागेचा विषय आता काढायची सोय नाही. कोणी म्हणाले, पूर्वजांचे रुपये आहेत, तसेच देवळाच्या कपाटात ठेवा. कोणी म्हणाले, आटवून चांदीच्या पादुका करा. मला मनातून पादुका हव्या होत्या. चांदी निदान डोळ्यांपुढे राहिली असती, नमस्कार करता आला असता. तेवढ्यात मागून तुळशीवाल्या एक आजी बोलल्या, “पादुका पंढरीला हायेत की. वाटंत पावसात लुगडं बदलाया आडोसा न्हाई आम्हांला, त्याचं बघा.” आमची दिंडी नाथांच्या पालखीबरोबर असते. परांड्याच्या पुढे एकदा बायामाणसांचे पावसात काय हाल झाले, ते त्यांनी सांगितले. पादुकांचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. बायकांसाठी दोन आडोशाचे तंबू आणि ताडपत्र्या घ्यायच्या ठरल्या. जागेकरिता काढलेला रुपया, तर तंबू म्हणजेही जागाच, चालती जागा, असे एकाने म्हटले. तो शब्दांचा खेळ मला तेव्हा आवडला नाही, पण आता बरा वाटतो.

दुसऱ्यांदा त्याच सराफाकडे गेलो, या वेळी चालक आणि दिंडीचा हिशेब पाहणारा मुलगा बरोबर होते. चाळीस रुपये काट्यावर घातले तर भरले ४६२ ग्रॅम. पूर्ण वजनाने ४६६ च्या वर भरायला हवे होते, म्हणजे लोकांच्या हातांनी चार ग्रॅम नेले. सौभाग्यवतीच्या सातांच्या कड्या काढून डाग घासला. पाच शुद्ध, ते पाच धरले. युद्धातले दोन मिळून एकाचा हिशेब. असे सहा झाले. उरलेल्या पाचांचे पैसे मी रोख भरले, त्या दिवशीच्या भावाने. कानाच्या यंत्रासाठी जमवलेले थोडे होते, ते त्यात गेले.

सराफ म्हणाला, बऱ्या अवस्थेतले रुपये मी तसेच ठेवतो, दिवाळीला पूजेसाठी लोक मागतात. झिजलेले आणि डाग लागलेले मात्र आटणीला जातील. मी म्हटले, मला बघू दे. आतल्या खोलीत कारागिराने मूस ठेवली होती. चिमूटभर टाकणखार टाकला आणि ज्योत धरली. नरहरी महाराजांनी सोनाराच्या धंद्यातली सगळी हत्यारे अभंगात घेतली आहेत, त्यात मूसही आहे. मी तो अभंग कितीदा लावला असेन, मूस मात्र आधी अशी जवळून पाहिली नव्हती. राणीचा चेहरा लाल झाला, मग कडेचे दाते बुजले, आणि एका क्षणी सगळे रुपये एकमेकांत बसले आणि पारा हलावा तसे हलू लागले.

माझ्या हातात तेव्हा सौभाग्यवतीच्या माळेतला शेवटचा रुपया होता. १९०७ चा, एडवर्डचा, डोक्यावर केस नसलेला. कारागिराने हात पुढे केला. मी दिला नाही. तो थांबला. त्याने ज्योत बाजूला धरली. “महाराज?” तो म्हणाला असावा. नग मोडला, सोने राहिले, हे मी ज्या हाताने दाखवत आलो तोच हात होता. चांदीवर माझा जीव नव्हता, चांदी तर समोर मुशीत दिसतच होती. तिच्या आईने तो रुपया तिच्या गळ्यात घातला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, ते सारखे आठवत होते. हिशेब लिहिणारा मुलगा दाराशी उभा राहून बघत होता. मग मी रुपया मुशीच्या तोंडाशी नेऊन सोडला. बोटाला चटका बसला, अजून डाग आहे.

कानाचे यंत्र घेतलेले नाही. मुलगा पुन्हा घेऊन देतो म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. सौभाग्यवती मोठ्याने बोलते आणि मी हो म्हणतो, असे आमचे चालले आहे.

चिठ्ठी दिंडीच्या वहीत लावायला दिली. देण्याआधी तिच्यावर दादांच्या दोन ओळींखाली मी मोडीतच लिहिले : “११ पावले. शके १९४७, माघ.” हिशेबाच्या मुलाने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “महाराज, हे कोणाला वाचता येणार? खाली बाळबोधीत लिहा.” मी चश्मा लावून तिन्ही ओळी पुन्हा लिहून दिल्या.